घरगुती बुककीपिंगचा व्यवसाय: गिऱ्हाईक नेमकं येतं कुठून?

नोंदवही | ९ फेब्रुवारी २०२५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी नाशिकची. बी.कॉम. झाल्यावर एका सीएंच्या ऑफिसात ११ वर्षं काढली. टॅली, जीएसटी, टीडीएस, पगारपत्रक, बँकेचा ताळमेळ, सगळं हाताखालून गेलंय. गेल्या जूनमध्ये नोकरी सोडली आणि घरच्याच एका खोलीत हिशेब लिहून द्यायचं काम सुरू केलं. आठ महिन्यांत पाच गिऱ्हाइकं झाली. त्यात दोन नवऱ्याचे मित्र आणि एक मावसदीर. म्हणजे खरी दोनच.

जाहिरातीवर आतापर्यंत १४,००० रुपये गेले. पेपरात घालून ३००० पत्रकं वाटली, फेसबुकवर पैसे भरून जाहिरात केली, चौकात महिनाभर फलक लावला. पत्रकावर लिहिलं होतं: 'अकाउंटिंग, बुककीपिंग, जीएसटी, इन्कम टॅक्स, पेरोल. अचूक व तत्पर सेवा.' फोन आले ते असे: "मॅडम, लोन करून देता का?", "टॅलीचा क्लास कितीला?" आणि एका काकांनी 'बुक' वाचून दहावीची गाइडं आहेत का म्हणून विचारलं.

काम चांगलं करते याची खात्री आहे. पण ते सांगायचं कुणाला आणि कसं? ज्यांनी असा व्यवसाय केलाय किंवा ज्यांनी असा माणूस शोधलाय, दोघांनीही लिहा.

तर्री_जास्त

गाइडवाल्या काकांना सोडायचं नव्हतं. दहावीचा मुलगा म्हणजे क्लासची फी, म्हणजे घरात कुणीतरी कमावतंय, म्हणजे रिटर्न भरावं लागणार.

(खुर्ची धरून बसलो आहे. चालू द्या.)

सातपूरकर

ताई, मी गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहितो. सातपूर एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी अशी तीन मशिनं, सात माणसं.

तुमचं पत्रक मला मिळालं असतं तर मी त्यावर वडापाव खाल्ला असता. राग मानू नका. 'अचूक व तत्पर सेवा' सगळेच लिहितात, आमच्याकडे भंगार न्यायला येणारा टेम्पोवालासुद्धा.

आम्हाला बुककीपिंग नको असतं हो. आम्हाला झोप हवी असते. मोठ्या कंपनीच्या परचेसमधून फोन येतो, "तुमचं बिल आमच्या टू-बीत दिसत नाही, पेमेंट होल्डवर टाकलंय." टू-बी म्हणजे त्यांच्या खरेदीची जीएसटी पोर्टलवर दिसणारी यादी. माझ्या माणसाने ११ तारखेपर्यंत आर-वन (माझ्या विक्रीचं रिटर्न) भरला नाही की १४ ला त्यांच्या टू-बीत माझं बिल नसतं. दोष कुणाचा, पैसे कुणाचे अडकले! पोरांचे पगार मात्र ७ तारखेला द्यावेच लागतात.

आता माझी फजिती ऐका. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा एका माणसाने आमचं रजिस्ट्रेशन करून दिलं. मोबाइल नंबर त्याचा, ईमेल त्याचा. दोन वर्षं बरं चाललं. मग भाऊ गावाकडे गेला, फोन बंद. ओटीपी त्याच्याकडे आणि पोर्टलला कुलूप. नंबर बदलून घेण्यासाठी कार्यालयात खेटे घातले तोवर तीन रिटर्न थकले. दिवसाला ५० रुपये लेट फी, वर १८ टक्के व्याज. रक्कम फार नव्हती, पण रात्री पोटात गोळा यायचा.

सध्याचा अकाउंटंट कसा मिळाला? शेजारच्या गाळेवाल्याने सांगितलं, "हा माणूस पासवर्ड तुझ्याच वहीत लिहून देतो." त्या एका वाक्यावर मी गेलो. फी विचारली ती नंतर.

नोंदवही

@सातपूरकर, बापरे. मी नंबर गिऱ्हाइकाचाच ठेवते, पण हे सांगण्यासारखं काही आहे असं कधी डोक्यातच आलं नाही.

कॉलम_दुसरा

सातपूरकरांना +१.

अवांतर: विक्री ५ कोटींच्या आत असेल आणि तिमाही रिटर्नचा पर्याय घेतला असेल, तर मधल्या दोन महिन्यांची बिलं १३ तारखेपर्यंत आयएफएफमध्ये (पोर्टलवर नुसती बिलं चढवायची सोय) टाकता येतात. समोरच्याला क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, वेळेत दिसतं. निम्म्या वर्कशॉपवाल्यांना हे माहीत नसतं. नोंदवही, तुमच्या पत्रकावर नेमकं हेच हवं होतं.

सदऱ्यातला_सीए

मी टेबलाच्या पलीकडचा. पुण्यात लहानशी प्रॅक्टिस आहे.

१९४९ च्या सीए कायद्याने आमच्या जाहिरातीवर बंधनं आहेत. तुमच्यासारखी पत्रकं मी पेपरात घालून वाटली तर आमच्या सीए इन्स्टिट्यूटची नोटीस येईल. तुम्ही सदस्य नसल्याने तुम्हाला ती आडकाठी नाही. मात्र पत्रकावर 'ऑडिट' किंवा आपण सीए असल्याचा भास होईल असं काहीही लिहू नका.

दुसरं, माझ्याकडे येणाऱ्या दहा लहान व्यावसायिकांतल्या सातांना सीए नकोच असतो. त्यांना रोजच्या नोंदी ठेवणारं कुणीतरी हवं असतं. आमच्या ऑफिसात ते काम परवडत नाही, मुलं टिकत नाहीत. सप्टेंबरात ऑडिटला जेव्हा पिशवी भरून बिलं येतात आणि सस्पेन्स खात्यात (कशाचे तेच कळत नाही अशा नोंदींचं खातं) चार लाख पडलेले असतात, तेव्हा मी त्या माणसाला एखाद्या चांगल्या बुककीपरचा नंबर द्यायला एका पायावर तयार असतो. देऊ कुणाचा?

तुमच्या भागातल्या पाच-सहा लहान सीएंना भेटा. मार्च एन्डच्या तोंडावर नको, तेव्हा आम्ही माणसात नसतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जा. सोबत तुमच्या कामाचा नमुना न्या, नावं झाकून: बँकेचा ताळमेळ, टू-बीशी जुळवलेली खरेदी, कुणाकडून किती दिवसांचं येणं थकलंय त्याची यादी. व्हिजिटिंग कार्डं आमच्याकडे खोकाभर पडलेली असतात.

एक सावधगिरी. 'तुम्ही काम द्या, मी कमिशन देते' असं चुकूनही म्हणू नका. बाहेरच्या माणसाशी असं फीचं देणंघेणं आम्हाला चालत नाही. ते ऐकलं की शहाणा सीए चहा संपायच्या आत तुम्हाला वाटेला लावेल.

रोखठोक_रोकड

सीएसाहेबांचा मान राखून असहमत. मी सहा वर्षं तीन सीएंची कामं केली. ते गिऱ्हाइकाकडून ६००० घेणार, मला १५०० देणार, आणि गिऱ्हाइकाला माझं नावही माहीत नसणार. एक सीए बंद झाले आणि एका दिवसात माझं निम्मं काम गेलं. दुसऱ्याच्या ओसरीवर चूल मांडू नये.

सदऱ्यातला_सीए

@रोखठोक_रोकड, तुम्ही सांगताय ते ठोक कामाचं झालं. मी म्हणतोय ते वेगळं: गिऱ्हाईक तिचं, बिल तिचं, ऑडिट माझं. पण तुम्ही म्हणता तसं होतं, हे नाकारत नाही.

डिजिटल_दिनू

ताई, २०२५ मध्ये पत्रकं कोण वाटतं??? गूगलवर व्यवसायाची नोंद करा, फुकट आहे. रोज एक रील टाका. 'जीएसटीच्या ५ चुका', 'ही चूक कराल तर नोटीस येईल'. तीन महिन्यांत फोन थांबणार नाही. गरज असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पॅकेज आहे.

तर्री_जास्त

आला! पॅकेजवाला आला! पाच प्रतिसादांची पैज हरलो, आठवा निघाला.

विळी_आणि_वही

रीलबद्दल माझा अनुभव. मी छत्रपती संभाजीनगरला हेच काम करते. चाळीस रील केल्या. एका रीलला ६०,००० लोकांनी पाहिलं. फोन आले ते परभणीहून, पाटण्याहून आणि एक दुबईहून. सगळ्यांना फुकट सल्ला हवा होता. गिऱ्हाईक एकही नाही.

पण गूगलच्या नोंदीबद्दल दिनूचं बरोबर आहे. 'जवळचा जीएसटी अकाउंटंट' शोधणारा माणूस अडचणीत असतो, त्याला आजच कुणीतरी हवं असतं. जुन्या गिऱ्हाइकांना दोन ओळी लिहायची विनंती केली. एका बेकरीवाल्याने लिहिलं, 'ताईंनी तीन वर्षांचा घोळ निस्तरला.' त्या एका ओळीवर चार जण आले. त्यातले तिघे तसाच घोळ घेऊन आले होते, तो भाग सोडा.

मधुरा_ठाणेकर

सोसायट्यांकडे कुणी पाहिलंच नाही? मी गेली नऊ वर्षं फक्त गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहिते. आज २३ सोसायट्या आहेत आणि जाहिरातीवर शून्य रुपये खर्च.

मेंटेनन्सची बिलं, थकबाकीचं व्याज, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेला निधी), मग ३१ जुलैच्या आत ऑडिट आणि ३० सप्टेंबरच्या आत सर्वसाधारण सभा. वर्षाचं वेळापत्रक ठरलेलं. सचिव बिचारा नोकरी सांभाळून हे करत असतो आणि सभेत शिव्या खात असतो. मी सभेत ताळेबंद घेऊन बसते आणि सभासदांना साध्या मराठीत समजावते. समोर ८० सभासद असतात. त्यातल्या कुणाचं दुकान, कुणाचा दवाखाना, कुणाच्या मेव्हण्याची दुसरी सोसायटी. माझी सगळी जाहिरात त्या दोन तासांत होते.

सभासदाची महिन्याची वर्गणी ७५०० च्या वर आणि सोसायटीची वर्षाची जमा २० लाखांच्या वर असली की जीएसटीचा प्रश्न येतो. त्यावर कमिटीत हमखास भांडण होतं. तेव्हा शांतपणे समजावणारी व्यक्ती पुढची दहा वर्षं टिकते.

बी_विंग_४०२

@मधुरा, ताई, थकबाकीवर आमचा सचिव चक्रवाढ व्याज लावतो. उपविधीत सरळव्याज लिहिलंय. कुणाकडे दाद मागू?

मधुरा_ठाणेकर

सचिवाला उपविधीचं पान दाखवा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तरी ऐकलं नाही तर उपनिबंधक. वेगळा धागा काढा, इथे नको.

पार्किंगग्रस्त

वेगळ्या धाग्यावर मीही येतो. आमच्या सचिवाने पाहुण्यांच्या पार्किंगचे पैसे कुठे जमा केले ते मला २०१९ पासून हवंय.

टेम्सकाठची_गोदा

मूळची नाशिकरोडची, सध्या इंग्लंडात रेडिंगला. इथेही हाच व्यवसाय करते. इथे बुककीपरला आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधाच्या कायद्याखाली करखात्याची किंवा एखाद्या व्यावसायिक संस्थेची देखरेख घ्यावीच लागते. गिऱ्हाइकाची ओळखपत्रं तपासल्याशिवाय काम सुरू करता येत नाही. सुरुवातीला कटकट वाटली. मग ध्यानात आलं की ओळखपत्र मागितलं की समोरचा माणूस सावरून बसतो. 'ही बाई व्यवस्थित काम करणारी दिसते.'

तुमच्याकडे तशी सक्ती नसली तरी एक पानी करार करा. काय करणार, काय करणार नाही, बिलं कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, फी कधी. आणि तुम्ही वाणिज्य पदवीधर आहात, तर जीएसटी प्रॅक्टिशनरची नोंदणी का केली नाही? नावापुढे काहीतरी अधिकृत येतं.

नोंदवही

@टेम्सकाठची_गोदा, त्या नोंदणीचा पीसीटी-०१ अर्ज भरून ठेवलाय, परीक्षेचं मनावर घेत नव्हते. आता घेते.

फीबद्दलही कुणी लिहा ना. मी सरसकट महिना २५०० सांगते. आमच्या चौकात एकाने फलक लावलाय: 'जीएसटी रिटर्न फक्त ५०० रुपयांत'. लोक तो दाखवून घासाघीस करतात.

रोखठोक_रोकड

५०० वाल्याशी भांडू नका. त्याची गिऱ्हाइकं वर्षभराने तुमच्याकडेच येणार आहेत, विळीताईंच्या बेकरीवाल्यासारखी.

सरसकट दर बंद करा. आधी मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागा आणि नोंदी मोजा. महिन्याला शंभरच्या आत नोंदी आणि एकच खातं असेल तर मी २००० घेतो. तीनशेपर्यंत ४५००. त्यापुढे किंवा माल साठ्याचा हिशेब असेल तर बसून ठरवायचं. जुना घोळ निस्तरायचे वेगळे पैसे, आणि ते आधी. हे एकदा शिकायला मला दीड लाखाची उधारी लागली.

शिवाय 'रिटर्न भरणं' आणि 'हिशेब लिहिणं' वेगळं आहे हे पहिल्या भेटीतच सांगा. ५०० वाला रिटर्न भरतो. त्याला आकडे कोण देणार?

जुनी_कीर्द

मी वयाने इथला बहुधा सर्वांत थोरला. लासलगावी कांद्याच्या अडतीवर ३१ वर्षं दिवाणजी होतो. कीर्द, खतावणी, तेरीज, सगळं हाताने. तेरीज, म्हणजे जमा आणि नावे दोन्हीकडची बेरीज, जुळल्याशिवाय जेवायला उठायचं नाही, हा शेटजींचा नियम. एकदा सात पैशांसाठी रात्रीचे दोन वाजले. सापडले तेव्हा शेटजींनी स्वतः चहा केला.

मुली, तुझ्या पत्रकातले शब्द मी वाचले. पेरोल काय, बुककीपिंग काय. ज्याला हिशेब लिहून हवाय त्या दुकानदाराला हे शब्द आपले वाटतात का? आमच्याकडे शेतकऱ्याला हिशेबपट्टी मिळायची. तोलाई किती, हमाली किती, हातात किती, एका चिठ्ठीवर. त्याला अडत्याचं पुस्तक कळत नसे, पण हिशेबपट्टी कळे आणि तीवरून तो कुठल्या अडतीवर गाडी लावायची ते ठरवी. तू गिऱ्हाइकाला दर महिन्याला अशी एक चिठ्ठी देतेस का?

तर्री_जास्त

आजोबा, दंडवत. आता विनोद करायचीही सोय ठेवली नाहीत.

विळी_आणि_वही

हिशेबपट्टी! मी उद्यापासून हेच नाव वापरणार. हक्क सांगू नका हं कीर्दकाका.

डिजिटल_दिनू

हेच मी म्हणतो, याला कंटेंट म्हणतात.

सातपूरकर

याला चिठ्ठी म्हणतात, दिनूशेठ.

चिठ्ठीत एक गोष्ट घाला: उधारी. कुणाकडून किती दिवसांपासून येणं आहे. आमच्यासारख्या उद्यम नोंदणी असलेल्या लहान उत्पादकांचे पैसे ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत, तर माल घेणाऱ्याला इन्कम टॅक्समध्ये त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही. वर्ष २०२३-२४ पासून हे लागू आहे. माझ्या अकाउंटंटने गेल्या मार्चमध्ये मला थकलेल्या बिलांची यादी आणि कंपनीला पाठवायच्या पत्राचा मसुदा दिला. तीन लाख दहा हजार सुटले. तेव्हापासून आमच्या लायनीतले चार जण त्याच्याकडे गेलेत, मीच पाठवले.

नोंदवही | १ मे २०२५

धागा वर काढतेय. मार्च-एप्रिल गडबडीत गेले. महाराष्ट्र दिनाची सुट्टी मिळाली म्हणून लिहिते.

सीएसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे सहा सीएंना भेटले. दोघांनी बसायलाही सांगितलं नाही. एकांनी ठोक काम १२०० ने देऊ केलं, रोखठोक आठवले आणि नाही म्हणाले. एका मॅडमनी मात्र ताळमेळाचा नमुना पंधरा मिनिटं उलटसुलट पाहिला आणि दोन फोन नंबर दिले. दोन्ही कामं आली. एक इथल्याच अंबडचा प्रेसपार्टवाला (पत्र्याचे सुटे भाग बनवणारा), एक फरसाण-चिवडा बनवणारं जोडपं.

जुन्या पाचांना मराठीत हिशेबपट्टी सुरू केली, व्हॉट्सअ‍ॅपवर एक पान. विक्री, खरेदी, भरायचा कर आणि कोणत्या तारखेला, येणं, देणं, बँकेत शिल्लक. मावसदीर म्हणाले, "वहिनी, मला पहिल्यांदा कळलं की माझा धंदा मी उधारीवर चालवतोय." त्यांनी दोन दुकानदार आणले. आणि एक गिऱ्हाईक गेलं, तेही सांगते. करारावर सही मागितली तर म्हणाले, "विश्वास नाही का?" नवऱ्याचे मित्रच ते. घरात दोन दिवस अबोला होता.

बी_विंग_४०२

जे सही करत नाहीत ते पैसेही देत नाहीत. सोसायटीचा अनुभव.

हिशेबी_काजू

उशिरा आलो. मी मडगावचा, हॉटेलवाल्यांची कामं करतो. सगळ्यांना घेऊ नका एवढंच सांगतो. एकाच धंद्यातली चार-पाच गिऱ्हाइकं झाली की त्या धंद्याची नस कळते. हॉटेलातल्या जेवणावर ५ टक्के जीएसटी लावायचा पण इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) घ्यायचं नाही, मोसमात माणसं किती वाढतात, जूनमध्ये पैसा कसा आटतो, हे मला पाठ आहे. नवा मालक आला की त्याच्या आधी मीच त्याच्या अडचणी सांगतो. तो थक्क होतो. तुमच्याकडे वर्कशॉपं आहेत आणि आता चिवडेवालेही आहेत.

पार्किंगग्रस्त

आणि कुंभमेळ्याचे ठेकेदार. नाशिकात सध्या जिकडेतिकडे खोदकाम चालू आहे, त्यांचे हिशेब लिहा. पार्किंगचेही.

नोंदवही | २६ ऑक्टोबर २०२५

दिवाळीच्या शुभेच्छा सर्वांना! थ्री-बीची (जीएसटी भरायच्या रिटर्नची) मुदत यंदा दिवाळीमुळे २५ पर्यंत वाढली होती, काल रात्री शेवटचं भरलं.

काजूभाऊंचं ऐकलं आणि ते चिवडेवाल्यांच्या बाबतीत असं उपयोगी पडलं. २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले, फरसाण-चिवडा १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बातमी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच आली होती. मी त्या जोडप्याला तेव्हाच पत्र लिहून दिलं: जुना माल किती उरेल, बिलाच्या मशिनमध्ये दर कुठे बदलायचा, दुकानदाराने २१ ला घेतलेला माल २४ ला परत केला तर क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची वजावट-चिठ्ठी) कोणत्या दराने. २१ च्या रात्री त्यांच्या कारखान्यात बसून मीच सॉफ्टवेअरमधले दर बदलले. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, बाई म्हणाल्या, "आता घट बसवूनच जा."

त्यांनी ते पत्र आपल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं. खाली माझं नाव आणि नंबर होता, तो मी मुद्दाम घातला नव्हता, सवयीने जातो. दहा दिवसांत अकरा फोन आले. लोनसाठी एकही नाही! त्यातली पाच कामं घेतली, तिघांना नाही म्हटलं, बाकीचे विचार करतायत. आता १६ गिऱ्हाइकं आहेत आणि मदतीला एक मुलगी ठेवली आहे.

प्रॅक्टिशनरची परीक्षा अजून द्यायची आहे. गोदाताई, ओरडू नका.

उरलेल्या ४०० पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हाताने कच्चं काम करते.

सदऱ्यातला_सीए

अभिनंदन. त्या क्रेडिट नोटच्या पत्राची प्रत मला मिळेल का? माझ्याच दोन गिऱ्हाइकांनी घोळ घातलाय.

सातपूरकर

बघा! सीए मागतोय. फी लावा ताई.

जुनी_कीर्द

लक्ष्मीपूजनाला वही पूजलीस का?

नोंदवही

पूजली काका. एक लाल वही आणली, आणि लॅपटॉपही शेजारी ठेवला होता. सासूबाईंनी दोन्हीवर कुंकू वाहिलं. तेव्हापासून एंटरचं बटण अडकतंय.